भुरी म्हणा, बूदी म्हणा

पाऊस सरतो, दसऱ्याची उन्हे तापू लागतात, पहाटे चादर ओढावीशी वाटते आणि आमच्या सदलग्याच्या शिवारात वेलांच्या पानांवर पीठ पडते. दोडका, काकडी, भोपळा, कुणाला सोडत नाही. मराठीत ही भुरी. कानडीत बूदी रोग. बूदी म्हणजे राख. मला विचाराल तर कानडी नाव जास्त नेमके. पान बोटाने पुसले की चुलीतली राखच हाताला लागावी!

गेल्या वर्षी शेजारच्या अण्णांच्या वीस गुंठे दोडक्यावर ती आली. मांडवाची तार, काठ्या, बी, सगळा खर्च उसनवारीचा. ''औषध मारलं की वो मास्तर, दोन डाव. काय उपेग न्हाई.'' बाटली पाहिली तर केवड्याची. पाने पिवळी पडलीत एवढेच त्यांनी दुकानात सांगितले, दुकानदाराने न बघता बाटली दिली. केवड्यात शिरांनी आखल्यासारखे कोनदार पिवळे ठिपके पडतात आणि पानाखाली करडी-जांभळट लव दिसते. त्याला ओले पान लागते. भुरीला पानावर पाणी नको असते, जोराच्या सरीने उलट ती धुऊन निघते. शिवाय केवड्याचा जंतू खऱ्या बुरशांच्या कुळातलाच नाही. त्याच्यासाठीच बनवलेले औषध भुरीला काय करणार?

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून एक पान कॉलेजात नेले. अण्णाही आले. वेलवर्गीय पिकांवरच्या भुरीमागे मुख्यतः दोन बुरशा असतात आणि नुसत्या डोळ्यांना दोघी सारख्याच. ताजे बीजाणू तीन टक्के पोटॅशच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. आत चमकदार काड्यांसारखे कण दिसले तर ती पोडोस्फेरा झँथी, नसतील तर बहुधा गोलोव्हिनोमायसिस. जुन्या पुस्तकांत यांनाच स्फेरोथेका आणि एरिसिफी म्हणत. बेळगावचे २०१४ साली बेळगावी झाले, तशीच ही नावेही बदलली. बुरशी मात्र होती तीच. आम्हाला कण दिसले. अण्णा एक डोळा मिटून म्हणाले, ''तांदळाची कणी दिसतीया की वो!''

आता हे ओळखून अण्णांना काय मिळाले, असे कुणी विचारील. खरे सांगायचे तर फवारणीपुरते फारसे नाही. गंधक दोघींवर चालते. पण भर उन्हात मारले तर वेलांची पाने करपतात, ते संध्याकाळीच मारावे. ओळखीची खरी गरज बियाणे तयार करणाऱ्याला. कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीत १९२५ साली खरबुजांवर भुरी आली. तेव्हा तिला तोंड देणारा गुण सापडला तो भारतातून गेलेल्या बियाण्यात. त्यातून पी.एम.आर. ४५ हे वाण निघाले. लोक निर्धास्त झाले न झाले तोच, १९३८ साली त्या वाणावरही भुरी दिसली. तीच बुरशी, तेच रूप, पण जात नवी. ही जात सूक्ष्मदर्शकातही ओळखू येत नाही. वेगवेगळी वाणे ओळीने लावायची आणि ती कोणावर वाढते, कोणावर नाही हे पाहायचे. तोंड बघून नव्हे, कुणाच्या घरी जेवते त्यावरून ओळख! आमच्याकडे आडनावावरून मातृभाषा सांगू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पाटील कुठल्या भाषेचे, हे त्यांच्या आईला विचारल्याशिवाय कळत नाही.

अण्णांनी खालची पाने काढून पुरली, संध्याकाळी गंधक मारले. पांढरी पडलेली पाने काही परत हिरवी झाली नाहीत. वरचे शेंडे वाचले, आणि इचलकरंजीच्या बाजारात पुढचे तोडे गेले. उसनवारी निम्मी फिटली.

प्रश्न राहिला कुंपणावरच्या एका वेलाचा. ही बुरशी जिवंत पानावरच जगते, म्हणून नवी काकडी टोकायच्या आधी जुने वेल काढा, असे मी सांगितले होते. त्या वेलाला अक्कांनी हात लावू दिला नाही. बी त्यांच्या माहेरचे, दूधगंगेपलीकडच्या दत्तवाडचे. भुरी बियांतून जात नाही हे सांगितल्यावर त्या जरा निवल्या. फळे वाळेपर्यंत वेल ठेवायचा, तोवर काकडी थांबवायची, असे ठरले.

''पंधरा दिस थांबा म्हणावं त्यास्नी,'' अक्का मला म्हणाल्या, आणि तेच अण्णांना कानडीत सांगायला मांडवाकडे गेल्या.