दोघांचेही रिपोर्ट नॉर्मल

सुपे, रविवार रात्र.

आज हळदीकुंकवात वहिनीची ओटी भरायचं एकीनं टाळलं. मला राग आवरेना. वहिनीचं बीज वेळेवर तयार होतं, गर्भनलिका मोकळ्या आहेत, दादाची वीर्यतपासणीही चांगली आली. तरी दिवस राहत नाहीत. मूल न होणाऱ्या साधारण 15 ते 30 टक्के जोडप्यांत असंच कारण सापडत नाही. मग दोष बाईचाच, हे गावानं कुठून ठरवलं?

वय कमी असेल तर काही काळ वाट पाहणं हाही मार्गच. नंतर आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं), मग आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाचा उपचार. तो काही नवा नाही. डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या केईएम रुग्णालयात असं बाळ जन्मलं ते 6 ऑगस्ट 1986 ला. पस्तिशी ओलांडली असेल तर मात्र सहा महिने प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास लगेच डॉक्टर गाठावा. आणि सुनेला एकटीला पाठवू नका, दोघांनी जावं.