तो कोठे गेला?

नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यात मी त्या वेळी सातवीच्या वर्गाला मराठी शिकवीत असे. १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ ही मालिका सुरू झाली आणि गावातल्या मोजक्या संचांपुढे मुलांची दाटी होऊ लागली. योगसाधनेने सात चक्रे जागी केलेला तो वीर गरगर फिरत आकाशात झेपावे. एरवी तोच चष्मा लावून, गंगाधर या नावाने, वर्तमानपत्राच्या कचेरीत वावरे.

एके दिवशी धडा संपल्यावर मी म्हणालो, “या मालिकेत न पटणारे काय आहे, ते सांगा पाहू.”

वर्ग खुलला. “गुरुजी, नुसता चष्मा लावला तर माणूस ओळखू कसा येत नाही?” “क्षणात कोठेही पोचणाऱ्याला कधीकधी उशीर का होतो?”

मी त्यांना वेताळपंचविशीची आठवण दिली. तिच्यावरही १९८५ साली दूरदर्शनने मालिका दाखविली होती. प्रेतात शिरून वेताळ बोलतो, हे अद्भुतच. परंतु त्या अद्भुताला नियम आहे. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. बोलला, तर वेताळ झाडावर परत जाईल. अखेरच्या कथेत राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो, म्हणूनच त्याची येरझार थांबते. “जादू खोटी असली तरी चालते,” मी म्हणालो, “पण तिने आपला शब्द मोडता कामा नये.”

तेव्हा मागच्या रांगेतला एक अबोल मुलगा उभा राहिला. “गुरुजी, आधीची गीता कोठे गेली?”

त्या मालिकेतील गीता विश्वासची भूमिका किटू गिडवाणी आणि वैष्णवी महंत अशा दोघींनी केली. चेहरा बदलला, नाव तेच राहिले. मी हसून म्हणालो, “अरे, नटी बदलली, एवढेच.”

“पण मग कोणी विचारले का नाही? एकाच कचेरीतल्या गंगाधरानेसुद्धा?”

वर्ग हसला. माझे हसू मात्र मावळले. त्या मुलाच्या शेजारची जागा दिवाळीपासून रिकामी होती. तेथे बसणारा त्याचा सोबती आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला होता. मी रोज हजेरीपटात त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करीत होतो आणि पुढचे नाव पुकारीत होतो. तो कोठे गेला, हे मीही विचारले नव्हते.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. म्हातारी आजी तेवढी मागे राहिली होती. तिने दूरच्या साखर कारखान्याचे नाव सांगितले. दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाने मिळून त्याला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. परंतु उन्हाळ्याच्या तोंडी टोळी परतली आणि दुसऱ्याच दिवशी तो शाळेत हजर झाला. म्हणाला, “गुरुजी, तुमचे पत्र मी कोपीत सगळ्यांना वाचून दाखविले.”

आता मी निवृत्त होऊन लातूरला राहतो. नातवंडांबरोबर मालिका पाहताना एखादे पात्र न सांगता नाहीसे झाले, की ती हसतात. मला मात्र तो हजेरीपट आठवतो. मुलांनो, कथेतल्या चुका अवश्य शोधा. पण ‘तो कोठे गेला?’ हा प्रश्न पडद्यापुरता ठेवू नका. आपल्या शेजारची जागा रिकामी दिसली, तर तो आधी तेथे विचारा.