हक्क सोडला

अमेरिकेत एमएससाठी अर्ज भरलेल्या कुणालाही तो प्रश्न आठवेल. एलओआर देणाऱ्याचं नाव, ईमेल, आणि खाली: हे पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? सीनियर्सचा सल्ला ठरलेला असतो. डोळे मिटून ‘हो’ कर, नाहीतर पत्राला कुणी किंमत देणार नाही.

हा हक्क आला १९७४च्या ‘फर्पा’ कायद्यातून. सिनेटर जेम्स बकलींनी तो मांडला आणि विद्यार्थ्यांना स्वतःची फाइल पाहता येऊ लागली. विद्यापीठं बिचकली. विद्यार्थी वाचणार असेल तर खरं कोण लिहील? मग त्याच वर्षअखेरीस दुरुस्ती होऊन हक्क सोडायची सोय झाली. ‘सोडा तरच प्रवेश देऊ’ असं मात्र विद्यापीठाला म्हणता येत नाही. आणि हा हक्क मिळतो प्रवेश घेऊन तिथे शिकायला लागलेल्यालाच. रिजेक्ट झालेला, ज्याला ते पत्र वाचायची सगळ्यात जास्त खुमखुमी असणार, तो या कायद्यात बसतच नाही.

आपल्याकडे तर वेगळाच प्रकार. आमच्या वर्गात सत्तरेक पोरं. सरांना रोल नंबर आठवायचा, चेहरा नाही. ‘ड्राफ्ट करून आण, सही करतो.’ माझ्या रूममेटने स्वतःवर तीन पत्रं लिहिली, तीन सरांच्या तीन आवाजांत. एका सरांच्या पत्रात तर तिने व्याकरणाच्या दोन चुका मुद्दाम ठेवल्या, खरं वाटावं म्हणून! आणि मग त्याच तिन्ही पत्रांसाठी ‘मी हे पाहणार नाही’वर टिक.

तेव्हा आम्ही खूप हसलो. पण रात्री दीडला लॅपटॉप बाजूला सारून ती म्हणाली, “माझ्याबद्दल सांगण्यासारखं काय आहे गं?” चार वर्षं शिकून हे विचारायला तिच्याकडे कुणी शिक्षक नव्हता. मला त्या खोट्या सहीपेक्षा हे जास्त लागतं.

गेल्या वर्षी टीममधल्या ज्युनियरने मला एलओआर मागितलं. ड्राफ्ट तयारच होता, ‘हार्डवर्किंग’ आणि ‘डायनॅमिक’ने भरलेला. मी तो बाजूला ठेवला आणि शनिवारी स्वतः लिहायला बसले. एका रिलीजच्या रात्री सगळे घाईत असताना त्याने मायग्रेशनची स्क्रिप्ट थांबवायला लावली होती, बॅकअप अर्धवट होता म्हणून. ते लिहिलं. अडकला की दोन-दोन दिवस गप्प बसतो, हेही लिहिलं. पोर्टलवरच्या तक्त्यात बहुतेक ठिकाणी ‘वरचे १० टक्के’, संवादकौशल्याला ‘२५ टक्के’.

गप्प बसण्याबद्दल त्याला वन-ऑन-वनमध्ये दोनदा सांगून झालं होतं. तोंडावर न बोललेली तक्रार बंद पाकिटात घालायची नाही, एवढं मी लिहायच्या आधीच ठरवलेलं.

मार्चमध्ये त्याचं एका ठिकाणी झालं. “आता तरी दाखव,” म्हणाला. हक्क त्याने सोडला होता. मला दाखवायला कुणाची ना नव्हती. मी स्क्रिप्टचा परिच्छेद तेवढा पाठवला.

तासाभराने रिप्लाय आला: “त्या रात्री तू कॉलवर होतीस?”