बिरसीची धांवपट्टी

विमानतळाच्या शेजारीं राहावयास आपण होऊन कोण जाईल, असें वाचकांस वाटणें साहजिक आहे. परंतु दुसरें महायुद्ध संपल्यावर अमेरिकेंत अशा वसाहती निघाल्या. कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो शहराजवळील सिएरा स्काय पार्क ही 1946 सालची वसाहत त्यांत आद्य समजली जाते. तेथें घरालगतच विमान ठेवण्याची सोय असून, गृहस्थ दारापुढील रस्त्यानेंच विमान धांवपट्टीवर नेतो. अशा खासगी धांवपट्ट्यांचें आयुष्य मात्र मालकांच्या मर्जीवर अवलंबून. जमिनीस भाव आला कीं पट्टी बंद होते आणि तिजवर घरें उठतात.

आमच्या शहापुरावरून नागपूर-रायपूर हमरस्ता जातो, त्यामुळें येथें गजबज आहे ती मालमोटारींची. विमानांचा इतिहास पाहावयाचा तर पूर्वेस, गोंदियापासून सुमारें 12 किलोमीटरांवरील बिरसीस गेलें पाहिजे. 1 मे 1999 रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तें गांव आमच्या भंडारा जिल्ह्यांतच मोडत असे.

हा मुलूख धानाचा. पाण्यानें भरलेल्या बांध्या, लहानमोठ्या बोड्या आणि कोहळी लोकांनीं पूर्वीं बांधलेले तलाव ही येथील संपत्ति. महाराष्ट्रांत सारस पक्षी दिसतो तो मुख्यत्वेंकरून याच बाजूच्या शेतांतून. अशा भूमींत 1940 सालीं, महायुद्धाच्या धामधुमींत, इंग्रज सरकारनें धांवपट्टी बांधविली. पुढें युद्ध संपलें, सरकारहि गेलें. पट्टी तेवढी राहिली. ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आली, 1998 पासून 2005 पर्यंत औद्योगिक विकास महामंडळाकडे भाडेपट्ट्यानें होती, व त्यानंतर केंद्राच्या विमानतळ प्राधिकरणानें तिचा ताबा घेतला.

या पट्टीस खरी जाग आणली ती विद्येनें. वैमानिक तयार करणारी संस्था येथें स्थापन झाली, आणि दूरदूरचे विद्यार्थी बिरसीच्या आकाशांत उड्डाणाचे धडे गिरवूं लागले. उतारूंची नियमित वाहतूक सुरू होण्यास मात्र 2022 सालचा मार्च महिना उजाडावा लागला. ती फार दिवस टिकली नाहीं. 1 डिसेंबर 2023 पासून दुसऱ्या कंपनीनें हैदराबादची सेवा नव्यानें सुरू केली.

येथें दोन वस्त्यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. अमेरिकेंतील रहिवासी विमानाच्या हौसेनें धांवपट्टीजवळ गेला. बिरसीचा शेतकरी आपल्या जागीं होता, धांवपट्टीच त्याच्या दारीं आली. विस्तारासाठीं ज्यांचीं घरेंदारें गेलीं, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षें रेंगाळला. वसाहतींतील मालकास पट्टी बंद करण्याचा तरी अधिकार असतो. यांस ती असावी कीं नसावी हें कोणीं विचारलें नाहीं.

आपल्या शास्त्रकारांनीं ‘योगक्षेम’ या शब्दाची मोठी मार्मिक फोड केली आहे. नसलेलें मिळविणें तो योग. मिळालेलें राखणें तें क्षेम. विमानतळ मिळाला, हा जिल्ह्याचा योग खराच, आणि त्याचा आनंद आम्हांसहि आहे. परंतु ज्यांच्या बांध्यांवरून तो योग जुळून आला, त्यांचें क्षेम पाहणें हें उरलेलें काम आहे. मुलांना विमान दाखवावयास बिरसीस नेणाऱ्या पालकांनीं कुंपणाबाहेरचें तें गांवहि त्यांस अवश्य दाखवावें.