कोंबडीचा पाव

आमच्या घरात चार वर्षं कोंबडी बंद होती. माळकरी झालो म्हणून नव्हे, तसलं काही नाही. मार्च २०२० पासून बंद होती. का, ते पुढं सांगतो. पण बंद होती एवढं खरं. आणि ती उठली कुठं, तर अमेरिकेत, अटलांट्याला, मोटारीच्या मागच्या सीटवर.

थोरला तिकडं जॉर्जियात नोकरीला. सहा महिन्यांचा व्हिसा काढून आम्हां दोघांना नेलं. विमानतळावरून घरी जाताना त्यानं वाटेत गाडी एका खिडकीपाशी लावली. उतरायचं नाही, बसल्या जागी पिशवी हातात. आठ वर्षांच्या नातवानं त्यातली एक चांदीच्या कागदाची पुडी उघडून माझ्यापुढं धरली. "आजोबा, चिकन सँडविच."

मी गप्प. ही शेजारून हळूच म्हणाली, "खावा की ओ. पोरगं हात पुढं करून बसलंय."

खाल्लं. काय सांगू, चांगलं होतं! लोण्यात भाजलेला मऊ गोल पाव, आत तळहाताएवढा छातीचा तुकडा आणि काकडीच्या आंबट लोणच्याच्या दोन चकत्या. बस्स. कांदा नाही, कोबी नाही. तुकड्याला बाहेरून पातळ कवच, आत पाणी सुटेल असं मऊ मांस. आणि मागून एक ओळखीचा वास. मी विचारलं, "तेल कुठलं रे?" थोरला म्हणाला, "शेंगतेल." मग मला कोड्याचं उत्तर मिळालं. आमच्या विट्याकडच्या माणसाला शेंगतेलाचा वास अंधारातही कळतो. जॉर्जिया म्हणजे भुईमुगाचा मुलूख. अमेरिकेतला निम्म्याच्या आसपास भुईमूग त्या एका राज्यात होतो. जिमी कार्टर, जे पुढं राष्ट्राध्यक्ष झाले, ते तिथलेच भुईमुगाचे शेतकरी.

या दुकानाचं नाव चिक-फिल-ए. ट्रूएट कॅथी नावाच्या माणसाचं अटलांट्याजवळ हेपव्हिल गावात लहानसं हॉटेल होतं. विमानातल्या जेवणाच्या ताटात न मावणारे छातीचे तुकडे एका कोंबडीवाल्याकडं पडून होते, ते त्यानं घेतले आणि पावात घालून विकले, असं सांगतात. १९६४ साली हे सँडविच नावारूपाला आलं. तळायला झाकणाचं, वाफ कोंडणारं भांडं, म्हणून चार-पाच मिनिटांत काम होतं. आणि रविवारी सगळी दुकानं बंद. गिऱ्हाईक कितीही असो, रविवार म्हणजे सुट्टी. आपल्याकडं एवढा चालता धंदा रविवारी बंद ठेवणारा माणूस गाव येडा म्हणेल.

नातवाला त्या दिवशी एक खेळ सापडला. त्यानं एक वही केली. पानावर रेघा मारून कप्पे पाडले: दुकान, गाव, पाव, मांस, तिखट, एकूण दहापैकी किती. मी दहावीपर्यंत शिकलेला. आयुष्यभर दुसऱ्यांनी मला मार्क दिले, आता मी देणार होतो. कोंबडी खाणं सुरू झालं ते असं, वहीच्या निमित्तानं.

दुसरा नंबर पॉपाइजचा. हे लुइझियानाचं. १९७२ साली न्यू ऑर्लिन्सजवळ अराबी या गावात अल कोपलँडनं काढलं. आधी त्यानं सपक कोंबडी विकून पाहिली, खपली नाही. मग तिखट केली आणि धंदा धावला. सपकाला गिऱ्हाईक नाही हे सांगली-कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यांचं पावात घातलेलं चिकन मात्र उशिरा आलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये. तेव्हा एवढ्या रांगा लागल्या की दोनेक आठवड्यांत माल संपला आणि दुकानांना पाट्या लावाव्या लागल्या. पुन्हा सुरू केलं ते नोव्हेंबरातल्या एका रविवारी. थोरला हसून म्हणाला, "आप्पा, तो रविवार उगाच नव्हता. समोरच्याचं दुकान बंद असतं ना!" खाल्ल्यावर फरक कळला. कवच जाड, खडबडीत, दाताखाली कुर्रर वाजणारं, पीठ ताकाचं. पाव अंड्यालोण्याचा, गोडसर. जॉर्जियाचं सँडविच म्हणजे घरची भाजी-भाकरी, आणि लुइझियानाचं म्हणजे जत्रेतलं.

मग नॅशव्हिल झालं. गाडीनं चार तास. तिथलं म्हणजे निव्वळ खर्डा. तळलेल्या कोंबडीवर लाल मिरचीची पूड कालवलेलं गरम तेल ओततात, खाली पांढऱ्या ब्रेडची चकती, वर लोणचं. त्याची गोष्ट अशी सांगतात, की प्रिन्स आडनावाचा एक बाहेरख्याली गडी रात्रभर बाहेर राहून सकाळी घरी आला. त्याच्या बाईनं अद्दल घडवायची म्हणून कोंबडीत मिरचीचा मारा केला. गड्याला ती आवडली, आणि त्याच्या घराण्यानं त्याचंच हॉटेल काढलं. हिनं ती गोष्ट ऐकली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हंजे अद्दल काय घडली न्हाई." नातवाचे डोळे वाहत होते, तरी त्यानं नऊ मार्क लिहिले.

जुलैत न्यू जर्सीला पुतण्याकडं गेलो. तिथं तिसऱ्याच एका साखळीच्या दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. याच पाटीचं सँडविच मी जॉर्जियात खाल्लं होतं आणि सात मार्क दिले होते. इथं पुडी उघडली तर कवच ओलं, पावाला चिकटलेलं. मांस चावलं तर दाताला तंतू लागले, ओल्या दोरीसारखे.

नातू म्हणाला, "सेम दुकान, मग असं का?"

मी त्याला आमच्या एसटी स्टँडवरची गोष्ट सांगितली. स्टँडवर भजीच्या दोन गाड्या. पीठ तेच, कांदा त्याच बाजारातला. एकाची कढई सारखी चालू, घाणा निघाला की संपला. दुसरा सकाळीच ढीग तळून वर कागद झाकून ठेवायचा. त्याची भजी वाफेनं घाम फुटल्यासारखी व्हायची. तळलेल्याची चव कढईत निम्मी असते, निम्मी उचलणाऱ्या गिऱ्हाइकात. जॉर्जियात दुपारी गाड्यांची रांग रस्त्यावर येते, तिथं तुकडा गरम पेटीत पडून राहायला वेळच नाही. शिवाय तिथली गिऱ्हाइकं पिढ्यान्‌पिढ्या तळलेली कोंबडी खाणारी. वाईट तळली तर कुणाची आजी नाव ठेवेल. जिथं खाणारा जाणकार, तिथं तळणारा शहाणा.

पण तंतूचं कारण वेगळं. ते मला जिभेनं नव्हे, हातानं कळलं. मी तुकडा बोटांत दाबला. टणक. तिकडं कोंबडी साधारण दीड महिन्यात तीन किलोच्या आसपास नेतात. एवढ्या झटक्यात छाती वाढली की काही पक्ष्यांचं मांस लाकडासारखं होतं. तिकडं नावच आहे, वुडी ब्रेस्ट. त्याला ना मसाला सुधारत, ना तेल.

थोरला म्हणाला, "आप्पा, तुम्हाला बघून कळतंय?"

मी म्हणलं, "अकरा वर्षं तेच केलंय."

अकरा वर्षं. दोनशे फुटांचं शेड, पाच हजार पक्षी. कंपनीची पिल्लं, कंपनीचं खाद्य, कंपनीचं औषध. शेड माझं, वीज माझी, पाणी माझं, रात्रीचं जागरण आमच्या दोघांचं. थंडीत भाताच्या तुसावर पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात, म्हणून ही शेगडी घेऊन पहाटेपर्यंत बसायची. चाळीस-बेचाळीस दिवसांनी गाडी यायची, वजन व्हायचं आणि किलोमागं ठरलेले पैसे. शेवटी शेवटी पाच रुपये होते. त्यातून मरतूक वजा. त्या पैशांवर थोरला इंजिनिअर झाला, हेही खरं. खोटं कशाला बोलू?

गेन्सव्हिलला गेलो तो ऑगस्टचा शनिवार. अटलांट्याहून तासाभराची वाट, लाल मातीचा मुलूख. हे गाव स्वतःला जगाची कोंबडीची राजधानी म्हणवतं. गावात एक बाग आहे, त्यात उंच दगडी खांब आणि वर कोंबडा. १९६१ साली गावानं गमतीनं कायदा केला, की तळलेली कोंबडी हातानंच खायची, काट्यानं खाणं गुन्हा. हिला तो कायदा फार पटला.

तिथं मला आणखी एक गोष्ट कळली आणि मी बागेतल्या बाकावर बसून राहिलो. १९३० च्या दशकातल्या मंदीत, कापसानं हात टेकवलेल्या त्या भागात, जेसी ज्युएल नावाचा खाद्याचा व्यापारी होता. शेतकऱ्याकडं खाद्याला पैसे नाहीत, म्हणून त्यानं पिल्लं आणि खाद्य उधार द्यायला सुरुवात केली. कोंबडी वाढली की तोच विकत घ्यायचा. म्हणजे ज्या कागदावर मी विट्यात अंगठ्याशेजारी सही केली, त्याचं मूळ या गावात. मी अकरा वर्षं या गावाचा धंदा करत होतो आणि मला गावाचं नाव माहीत नव्हतं.

थोरल्याच्या ऑफिसातल्या एका गोऱ्या मित्राचे वडील तिथून जवळच कोंबडी पाळतात. माझ्याच वयाचे. त्यांनी फाटकापाशीच खुर्च्या टाकल्या. शेडमध्ये नेलं नाही, बाहेरच्या माणसाच्या पायानं रोग जातो म्हणून. मला उलट बरं वाटलं. खरा पाळणारा असाच वागतो. चार शेडं, एकेका शेडात वीस हजारांवर पक्षी. मधे थोरला दुभाषा.

मी विचारलं, "पिल्लं कुणाची?"

"कंपनीची."

"खाद्य?"

"कंपनीचं."

"कर्ज?"

म्हातारा हसला. "ते माझं."

त्यांच्यात आणखी एक वरताण आहे. एकाच आठवड्यात ज्यांची कोंबडी जाते त्या पाळणाऱ्यांचे नंबर लावतात. कमी खाद्यात जास्त वजन ज्याचं, त्याला जास्त दर. जो मागं, त्याचा कापतात. म्हणजे शेजारी बुडाला तर आपलं भलं. मी विचारलं, एका कोंबडीमागं हातात काय येतं? त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "चाळीस सेंटच्या आसपास. चांगला नंबर आला तर."

मी थोरल्याकडं बघितलं. आम्ही वहीसाठी पाच-पाच डॉलरची सँडविचं खात फिरत होतो. एका कोंबडीच्या छातीचे दोन तुकडे होतात. म्हणजे दहा डॉलर; तंगड्या, पंख वेगळेच.

म्हाताऱ्यानं विचारलं, "तुम्ही अजून पाळता?"

मी म्हणलं, "२०२० ला सोडलं." एवढंच.

परतीच्या वाटेवर थोरल्यानं विचारलं, "आप्पा, तुम्ही नेमकं का सोडलं? मी पैसे पाठवले, कर्ज फिटलं, तुम्ही फोनवर म्हणालात लॉट गेला. मला वाटलं, विकला गेला."

तेव्हा सांगितलं. मार्च २०२०, टाळेबंदीच्या आधीचे दिवस. कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा उठली आणि दर मातीत गेला. माझी पिल्लं वीस दिवसांची होती. कंपनीच्या माणसाचा फोन आला, की खाद्याची गाडी येणार नाही, तुमचं तुम्ही बघा. दोन दिवस घरातली मका भरडून घातली. पाच हजार तोंडांना ती किती पुरणार? गावात म्हणलं फुकट न्या. कुणी हात लावेना. तिसऱ्या दिवशी ती एकमेकांना टोचायला लागली. मग जेसीबी बोलावला. लॉट गेला तो तसा गेला. ड्रायव्हर पोरगा तीनदा खाली उतरला. ही घरात दार लावून बसली होती.

गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. थोरल्यानं गाडी बाजूला घेतली. म्हणाला, "मला सांगायचं नाही का?"

मी म्हणलं, "तू तिकडं एकटा. सांगून काय करणार होतास?"

मागून नातवानं विचारलं, "सगळी जिवंत होती?" मी हो म्हणलं. लहान पोराला सांगू नये असं काहींना वाटेल. पण तो खाणारा आहे. त्याला माहीत असावं.

त्या रात्री त्यानं वहीत एक कप्पा वाढवला. त्याच्या मोडक्या मराठीत वर लिहिलं होतं: "पाळणाऱ्याला किती". खाली सगळ्या दुकानांसमोर तो कप्पा रिकामा. मला म्हणाला, "आजोबा, हे कुठं विचारायचं? खिडकीतल्या मुलीला माहीत नसतं."

गेल्या दिवाळीला ते सगळे गावी आले. शेडात आता शेळ्या आहेत. हिनं घरच्या म्हशीच्या ताकात कोंबडी रात्रभर भिजवली, ज्वारी आणि गव्हाचं पीठ लावून शेंगतेलात तळली आणि विट्याच्या बेकरीतले पाव आणले. कोंबड्या गावातल्याच एका बाईकडून घेतल्या होत्या. तिनं स्वतः पाळलेल्या, दर तिनंच सांगितलेला.

नातवानं वही काढली. मांसाला आठ, तिखटाला नऊ. पावाला चार, म्हणाला, कोरडा आहे. आजी रुसली. मग शेवटच्या कप्प्यापाशी येऊन त्यानं विचारलं, "पाळणाऱ्याला किती?"

ही म्हणाली, "साडेपाचशे रुपये कोंबडी."

त्यानं ते नीट अक्षरात लिहून घेतलं.