आजीची टोपली

आमच्या घरी संत्री आली की आजी एकेक फळ तळहातावर तोलायची. साल फुगून सुटलेलं, हलकं लागलं ते एका बाजूला. साल चिकटून बसलेलं, हाताला जड ते टोपलीत. टोपलीतलं आम्हाला मिळायचं नाही. ते रविवारी चर्चला जायचं.

आंबिया बहाराची संत्री काटोल-नरखेडकडून नागपुरात उतरायला लागली की आमच्या मंडळीत हंगामाचा सण. तोंडी नाव ‘हार्वेस्ट’च. वेदीसमोर ज्वारीची कणसं, कोहळे, अंडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासनेनंतर पटांगणात लिलाव व्हायचा. भर प्रार्थनेत कोंबडी ओरडली की पाळकसाहेबांनाही हसू आवरायचं नाही.

सात-आठ वर्षांचा असेन. टोपलीतलं सर्वांत देखणं संत्रं काढून मी तिथं बारीक फळ ठेवलं. आजीनं नुसतं पाहून ओळखलं. “काहून रे, देवाले उरलंसुरलं?” एवढंच बोलली, आणि ते संत्रं मला तिच्यासमोर बसून शेवटच्या फोडीपर्यंत खायला लावलं. फळ गोड होतं. म्हणूनच गिळवत नव्हतं.

जिवाभावाचं सोडणं मोठ्यांनाही चुकत नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना आमच्या नागपुरातच झाली. सहा चर्च एक झाली. लहान मुलांचा बाप्तिस्मा करणारे आणि तो न मानणारे एका छताखाली आले. प्रत्येकाला जिवाभावाचं काहीतरी सोडावं लागलं, निदान आपलं जुनं नाव तरी. आजीला ऐक्याच्या चर्चेत रस नव्हता. पण नाव सोडणं सोपं नसतं, हे तिला सासरी आल्यापासून ठाऊक होतं.

देवाला द्यायचं उत्तम म्हणजे काय, हा घोळ माझ्या मनातून पुढं कवी नारायण वामन टिळकांमुळे थोडा सुटला. बाप्तिस्म्याआधी काही काळ ते नागपुरातच होते, आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यापाशी पैसा नव्हता. होते अभंग, ओवी, कीर्तन. तेच त्यांनी ख्रिस्तापुढं ठेवलं. इंग्रजी चालींवर बसवलेल्या गाण्यांतून मराठी भक्ताला स्वतःच्या घरात आणलं ते त्यांनी, असं माझं मत. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य मात्र १९१९ मध्ये त्यांच्या निधनानं अपुरं राहिलं. ते पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, आणि त्यांना लिहायला-वाचायला लग्नानंतर नवऱ्यानं शिकवलं होतं! टिळकांच्या हातचं काव्य थोर असेल. पण टोपलीत जड कोणतं, हे सांगणं मला अवघड जातं.

माझं स्वतःचं अर्पण मात्र बरीच वर्षं हलकंच होतं. नोकरी लागल्यावर मखमलीच्या थैलीत मी जी नोट टाकायचो, ती बहुधा भाजीवालीनं परत केलेली असायची. चिकटपट्टी लावलेली, कोपरा गेलेली. थैलीचं तोंड अरुंद. कुणाला दिसत नाही. एका रविवारी वाचन निघालं ते बायबलातल्या मलाखीचं, लंगडी आणि आजारी जनावरं वेदीवर आणणाऱ्यांचं. मी बाकावर पाय आवळून बसलो. दावीद राजाची गोष्टही तशीच बोचणारी. अर्पणासाठी अरवना आपलं खळं आणि बैल फुकट द्यायला तयार होता, पण दाविदानं पन्नास शेकेल चांदी मोजली. फुकटात पटत असलेला सौदा सोडणारा राजा मला तेव्हा वेडाच वाटला होता.

आजीच्या शेवटच्या हार्वेस्टला तिचे हात थरथरत होते. वजन कळेना. तिनं टोपली माझ्याकडे सरकवली. मी निवडत गेलो, ती डोळे मिटून ‘हं’ किंवा ‘ऊंहूं’ म्हणत गेली. न बघता! आवाजावरून कळतं म्हणाली, फळ टोपलीत पडताना.

आता थैलीशेजारी क्यूआर कोड आहे. पैसे तिकडून जातात, आणि फाटकी नोट खपवायची सोयच उरलेली नाही. टोपली मात्र माझ्याकडेच आहे. एक डझन निवडायला पस्तीस-चाळीस फळं चाचपावी लागतात, आणि फळवाला दर वर्षी वैतागतो.