खोटी पोच

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी नुकतीच झाली होती. मी पुण्यात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये. बाबांचा फोन आला. ते काहीतरी विचारत होते, त्यातलं 'सोयाबीन' एवढंच कळलं. मी म्हटलं, "हो." पलीकडे शांतता. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा "हो."

रात्री धाकट्या बहिणीचा मेसेज: 'दादा, सोयाबीन आत्ता विकू का ठेवू, असं विचारत होते बाबा. त्यावर हो काय?'

आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं. सेवागिरी महाराजांचं साताऱ्याकडचं, ते वेगळं. शाळेत मागून हाक आली की मी ओ द्यायचो नाही, म्हणून 'लई माजलाय' अशी माझी ख्याती होती. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी तपासणी झाली. उजवा कान ६२ डेसिबल, डावा ६४. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांचा ६० ते ७० डेसिबल ऱ्हास म्हणजे 'कमी ऐकू येणारा', त्यापुढे 'कर्णबधिर'. माज नव्हता, एवढं तरी कागदावर आलं.

लोकांना वाटतं, मोठ्यानं बोललं की झालं. तसं नसतं. माझ्यासारख्यांना अ, आ, इ हे स्वर बऱ्यापैकी ऐकू येतात. स, श, फ, थ ही बारीक, उंच पट्टीतली व्यंजनं गळतात. ओरडलं की स्वरच मोठे होतात, शब्द नाही. मग उरलेलं अंदाजानं भरायचं, आणि थकलं की "हो" म्हणून मोकळं व्हायचं.

कानाची मशीन घेतली, पण केस वाढवून झाकली. आई म्हणायची, "लग्न व्हायचंय बाबा तुझं, फोटोपुरती काढून ठेव." चष्मेवाल्याला असं कुणी सांगत नाही.

नेटवर्किंगच्या पुस्तकात भेटलेल्या विंट सर्फ यांनाही लहानपणापासून कमी ऐकू येतं, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी रॉबर्ट कान (आडनाव खरंच कान!) यांच्यासोबत १९७४मध्ये टीसीपीची मांडणी प्रसिद्ध केली. तिचा एक साधा नियम आहे: माहिती मिळाली की पोच द्यायची. पोच आली नाही, तर पाठवणारा पुन्हा पाठवतो. न मिळणं हा तिथं गुन्हा नाही. पण न मिळालेल्याची पोच दिली, तर ती माहिती कायमची गेली.

मी वर्षानुवर्षं खोटी पोच देत होतो.

सोयाबीनच्या त्या फोननंतर टीमला सांगून टाकलं. कॅमेरे चालू ठेवा, एका वेळी एकानंच बोला, ठरलेलं लिहून टाका. सांगताना तळहाताला घाम आला होता. कॅप्शनमध्ये मराठी नावांची वाट लागते, पण धागा सापडतो. महिनाभरानं एक नवी मुलगी म्हणाली, "ते लिहून टाकता ना, त्याचा मलाच जास्त उपयोग होतो."

घरी सांगणं जास्त अवघड गेलं. बाबा ऐकून घेऊन गप्प राहिले.

यंदा होळीला गेलो, तेव्हा हळद शिजवायचं चाललं होतं. बाबा आधी पाठमोरेच बोलायचे. आता हातातलं काम ठेवून वळले, सांगितलं, आणि म्हणाले, "काय म्हणलो, सांग बरं."

"शनिवारी मजूर येणार."

"रविवारी," ते म्हणाले. न चिडता. पुन्हा एकदा.